रिले

लालबागच्या सबस्टेशनात एकतीस वर्षं
मी रिले तपासले.
रिले म्हणजे (लोकांना सांगावं लागतं)
तारेतून काही वावगं वाहू लागलं
की पापणी लवायच्या आत
सगळं तोडून टाकणारा एक छोटा पहारेकरी.
अर्धं बडोदं अंधारात जातं, शिव्या आम्हाला,
पण ट्रान्सफॉर्मर वाचतो.

त्या श्रावणात विश्वामित्री सोसायटीत शिरली.
तिसऱ्या दिवशी पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं,
मी जिन्याखालची मोटर बघायला गेलो
आणि मोटरीशेजारचा ओंडका होता
त्यानं डोळा उघडला.

वर कसा आलो, ठाऊक नाही.
चौथ्या पायरीवर चप्पल, अकरावीवर टॉर्च,
आणि मी गच्चीत, टाकीला मिठी मारून.
जयंतीभाई म्हणाले, "भाऊ, तुम्ही तर उडालात!"
चौसष्ट वर्षांचे गुडघे.
त्या दिवशी रिलेनं चोख काम केलं,
बक्षीस द्यावं असं.

मगर वनखात्याची पोरं घेऊन गेली,
तोंडाला चिकटपट्टी, पाठीवर ओलं गोणपाट,
रुसलेल्या आत्याला बसवावं तशी टेम्पोत बसवून.
गाळ उपसला. मोटर रिवाइंड होऊन आली.

मग आश्विनात, कोरड्या ठणठणीत दुपारी,
रावपुऱ्यात शेव-उसळ खाताना
दुसरा पाव मोडला, आणि
छाती. घाम. बोटांत मुंग्या.
पाय म्हणाले पळ.
कुठे? कशापासून?
समोर फक्त तर्रीची वाटी होती.

कार्डिओग्राम स्वच्छ. दुसरा कार्डिओग्रामही स्वच्छ.
मेहुणे म्हणाले, "मनावर घेऊ नका हो."
जणू मी ते कुठल्या दुकानातून
पिशवीत घालून घेतलं होतं.

कारेलीबागेतली डॉक्टर हेतल, माझ्या मुलीपेक्षा लहान.
तिनं औषधाच्या बिलामागं डोकं काढलं,
डोक्यात खोल एक बदाम.
"काका, याचं काम एकच.
ओंडका की मगर, हे ठरायच्या आधी
तुम्हाला पळवायचं."
मी तिच्या हातातलं पेन घेतलं.
म्हटलं, म्हणजे रिले जळालेला नाही.
पिकअपचं सेटिंग खाली घसरलंय.
ती थोडा वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, "हे मी पुढच्या पेशंटला सांगू का?"

घरी येताना आठवला तो गिरणीचा फीडर,
रोज पहाटे ट्रिप व्हायचा.
साहेब वैतागले : रिलेच काढून टाका.
मी म्हटलं, साहेब, तेवढं करू नका.
मोटारी सुरू होताना जो घोट ओढतात
त्याला हा आग समजतो.
त्याला अर्ध्या सेकंदाचा धीर शिकवला.
पुढे बारा वर्षं तो गप्प होता,
आणि एकदा खरंच केबल फुटली तेव्हा नव्हता.

माझी बहीण यमू, दांडिया बाजारात,
गॅसचं बटण सतरा वेळा बघते.
आम्ही बोटं मोजून हसायचो.
बटण बंदच असतं.
पण तिच्या आत "झालं" म्हणणारा
तो हिरवा दिवा लागत नाही,
म्हणून बिचारी पुन्हा हात लावते.
परवा फोन केला.
सॉरी म्हणायचं होतं, हवापाण्यावरच बोललो.
तीही म्हणाली, "थांब हं, जरा गॅस बघून येते,"
आणि मी थांबलो.

गोळी आहे. रोजचा सराव आहे.
काल सराव म्हणून काळ्या घोड्याच्या पुलावर गेलो.
खाली चिखलात एक ओंडका.
छाती वाजायला लागली.
वाजू दे, म्हटलं, तुझी नोकरीच ती.
कठडा धरून श्वास मोजले.
बाविसाव्याला ओंडका हलला
आणि पाण्यात सरकला.

खरीच होती.
पण मी पुलावर होतो.
शेंगावाल्याकडून दहाच्या शेंगा घेतल्या
आणि टरफलं खिशात टाकत
चालत घरी आलो.